मांगं टांगा, पुढं मी

चाला, चाला, थांबू नका राजेहो, मले थांबून बोलायची परवानगी नाही! तब्येत तुमीच इचारली ना? आता भोगा! मानसानं रामराम करावा आन आपल्या वाटेनं जावं, पन नाही... 'कसं काय हिंमतभाऊ, तब्येत काय म्हनते?' अरे, तब्येत काय म्हनन? तिले तोंड असतं तं तिनं पयले डॉक्टर लोकायलेच चार गोष्टी सुनावल्या असत्या! एक म्हने हालू नका, हालले का मेले. दुसरा म्हने हाला, नाही हालले का मेले. दोघंबी शिकलेले, दोघायच्याबी गळ्यात तेच नळीचं यंत्र. आता मानसानं चालावं का पडून राहावं, सांगा!

मी तं चालनारा मानूसच नाही, बाप्पा. कापडाचं दुकान, आयुष्य गेलं गादीवर मांडी घालून. मेहकरच्या बाजारात दुकान, मागच्या गल्लीत घर, आन तेवढ्या वाटेतबी मोतीरामच्या लाकडाच्या वखारीत बसून चहा पेल्याबिगर मी पुढं गेलो नाही कधी. मोतीराम म्हंजे माझा लहानपनापासूनचा दोस्त. अंगानं सागवानाचा ओंडका, आन गळा? गळा असा का भजनात त्यानं तान मारली का पेटीवाला पेटी सोडून कान धरायचा. चांगल्या अर्थानं म्हना, वाईट अर्थानं म्हना, तुमची मर्जी.

तं झालं काय, लग्नसराई. दुकानात ही गर्दी. एका बाईले मी शालू दाखवून राह्यलो होतो, घडी उलगडली, आन छातीवर जसा कोनी पाटा ठेवला... पाटा! वरवंट्यासकट! अंगाले असा घाम का सदरा पिळून घ्यावा. मले वाटलं गॅस असन, आदल्या दिवशी वांग्याचं भरीत जरा जास्तच झालतं. पन डावा हात असा जड, जसा माझा नाहीच. ती बाई इचारते, 'रंग जाईन काय हो?' म्या म्हटलं, 'रंग जानार नाही ताई,' आन मीच गेलो! आडवा! शालूवरच!

मंग आमचे जुने डॉक्टर आले. बुढा मानूस, देवमानूस, त्यायच्या हातानं अर्ध्या मेहकरचा जन्म झाला, मी त्यायले नाव ठेवत नाही. त्या टायमाले सगळीकडे तीच पद्धत होती. त्यायनं तपासलं, चष्मा पुसला आन आमच्या घरच्यांना, म्हंजे मनकर्नेले, हळूच सांगतलं, 'हार्ट हाय. हालू द्यायचं नाही. कुशीवरबी नाही.'

हालू द्यायचं नाही! तुमाले सांगतो, आमची मनकर्ना म्हंजे एकदा एखादी गोष्ट कानात गेली का ती काळजात जाते आन तिथंच कुलूप लागते. आन तिचंबी खोटं नाही. तिचा बाप असाच छातीच्या दुखन्यानं पडला होता, जरा बरं वाटलं म्हनून दार लावायले उठला, आन उंबरठ्यावर बसला तो बसलाच. ही लहान होती, तिच्यासमोर झालं ते. मंग ती मले उठू देईन काय? माझ्या धोतराचा सोगा हातात धरून बसायची, बकरीची दोरी धरावी तशी! भरवायची तीच. तोंड पुसायची तीच. म्या हसलो तं तोंडावर हात ठेवायची... 'हसू नका, हालते!'

आन भेटायले येनारे लोकं! आमच्या गावात कुजबुज हा प्रकारच नाही, आमी या टोकाहून त्या टोकाले हाक मारतो. पन माझ्या खाटेपाशी आले का सगळे असे बोलायचे जसा मी झोपलो नाही, ठेवलो हाय. 'कवा झालं?' 'चांगला होता हो मानूस.' होता! अरे मी आयकून राह्यलो ना! आन एकेक गोष्ट काय सांगतीन... 'आमच्या मामायचं असंच झालं. बरे झाले होते. शिंकले. खलास.' आता शिंक आली तं मी काय करू? म्या शिंक धरून ठेवली, डोळे भायेर यायची पाळी!

त्याच दिवसात चंद्रावर मानूस उतरला, आठवते का? शेजाऱ्याचा रेडू मोठ्यानं लावलेला, तिकडे तो गोरा चंद्रावर उड्या मारून राह्यला, आन इकडे मले खाटेवरून मोरीपर्यंत जायची बंदी! मानसानं चालावं का पडून राहावं, सांगा!

पन हसन्यावारी नेऊ नका... खरं सांगतो. दिवसभर पडल्या पडल्या मी एकच काम करायचो, कान लावून आपलंच काळीज आयकायचो. धक धक... धक... आता थांबलं काय? नाही, चालू हाय. मंग पुन्हा. दुपारचं घर सामसूम, आन मी आपला मोजत... पाय असे बारीक झाले का मीच वयखत नव्हतो त्यायले. मेलो नव्हतो मी. पन जितंबी कोन म्हनन?

आन मजा पाहा, मोतीराम! तो माझ्या अगोदरच, थंडीत, हेच दुखनं घेऊन पडला होता. तोबी तसाच खाटेवर, बंदोबस्तात. गानं बंद, बोलनं बंद. दोन गल्ल्यात दोन खाटा, आन मधात निरोप्या कोन? तं मेहबूब टांगेवाला. आमच्याच आळीचा. येता-जाता दोन्हीकडे डोकावायचा.

'हिंमतभाऊ, मोतीरामभाऊ पूछ रहे, मेला का बे?'

म्या म्हटलं, 'नाही म्हना. आन तो?'

मेहबूब जाऊन येनार. 'बोले, तू पयले जाशीन का ते पाहून राह्यलो.'

असं चाललं होतं. मंग गावात नवे डॉक्टर आले, सपकाळ डॉक्टर. आपल्या संग्रामपूरकडचेच, नागपूरले शिकले, मुंबईले काम करून आले. जुने डॉक्टर तवा गावाले गेलते आन माझ्या पायाले सूज आली, म्हनून मनकर्नेनं त्यायले बलावलं. बारीकसा मानूस, आवाजबी बारीक. पाय पाह्यले, छाती पाह्यली, कागदं पाह्यले. मंग म्हने, 'हिंमतराव, उठा.'

मनकर्ना म्हने, 'काय?'

'उठून बसू द्या त्यांना. मग उभं राहू द्या. आणि थोड्या दिवसांनी चालायला लागायचं. रोज.'

तुमाले सांगतो, मनकर्नेच्या हातातला पेला खाली पडला. 'तुमी मानसं वाचवायले आले का मारायले? माझा बाप असाच उठला होता!' आन तिनं सगळं सांगतलं, दार, उंबरठा, सगळं. डॉक्टरनं मधी तोंड घातलं नाही, पूर्न आयकलं. मंग म्हने, 'बाई, तुमचे वडील उठल्यामुळे गेले की जाणारच होते, ते मला सांगता येणार नाही. पण यांना असंच ठेवलं तर काय होईल, ते सांगता येईल. हृदयाला जखम झाली होती, ती आता भरत आली. हृदय म्हणजे तरी काय, मांसच आहे. पैलवानाला खाटेवर बांधून ठेवला तर तो पैलवान राहील का?'

आता मी कधी पैलवान नव्हतो हे म्या त्यायले सांगतलं नाही, बरं वाटून राह्यलं होतं.

मंग त्यायनं कायदे सांगतले. दुखलं का थांबायचं, जिभेखाली गोळी ठेवायची. सकाळपासून छातीत दुखत असन तं त्या दिवशी चालायचंच नाही, सरळ दवाखान्यात यायचं. आन सगळ्यात मोठा कायदा हा: 'चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं, धाप आली, की समजायचं जास्त झालं. म्हणून कुणाला तरी सोबत घ्या आणि बोलत बोलत चाला.' झालं! म्हनून तं तुमी सापडले आज!

पयल्या दिवशी खाटेवर पाय खाली सोडून बसलो तं समोरची भिंत अशी डुलली जशी जत्रेतल्या पाळन्यात बसलो. मंग उभं राहनं. मंग ओसरी. ओसरीवरून अंगन. अंगनात मनकर्ना माझ्यासंगं अशी चालायची, दोन्ही हात पसरून, जसा मी कधीबी तुपाच्या गाडग्यासारखा फुटीन! आन जवा गल्लीत निघायचं ठरलं, तवा तिनं अट घातली. 'मेहबूबचा टांगा मांगं मांगं पाह्यजे. पडले तं उचलून घालता आलं पाह्यजे.'

अहो, काय ते ध्यान! पुढं मी, धोतरावर पांढरे कॅनव्हासचे बूट, डॉक्टरचा हुकूम! मांगं मेहबूबची घोडी, मांगं टांगा, टांग्यात आमची मनकर्ना, मांडीवर घोंगडी, हातात तांब्या. आन तो टांगा मुंगीच्या पावलानं. घोडी बिचारी! तिले जिंदगीत कोनी इतकं हळू चालवलं नव्हतं. तिचा तो गरम श्वास माझ्या मानेवर... म्या थांबलो का ती नाकानं ढकलायची! मेहबूब म्हने, 'हिंमतभाऊ, जरा तेज चलो, घोडी को नींद आ रही.'

आन लोकं गप बसतीन काय? 'काय हिंमतराव, मेहबूबसंगं भांडन झालं काय? टांगा मांगं न तुमी पायी?' 'घोडीले चालनं शिकवून राह्यले काय?' एका बुढीनं तं टांग्यातल्या घोंगडीले हात जोडले, तिले वाटलं कोनाचं मयतच चाललं. म्या म्हटलं, 'बाई, मयत पुढं चालून राह्यलं!' आता मानसानं चालावं का पडून राहावं, सांगा!

ते वऱ्हाड जवा मोतीरामच्या घरासमोरून गेलं, तवा तो खाटेवरून खिडकीतून पाहून राह्यला होता. आतून त्याचा आवाज आला, कितीक महिन्यांनी आयकला म्या तो आवाज... 'अबे! हा हिंमत्या चालते आन मी काऊन झोपू?' आन भायेर! बनियानवर! मांगून त्याची रुखमाबाई, डोक्यावरचा पदर सावरत, 'अहो, अहो!' करत. मोतीरामनं टांग्याचा दांडा धरला, दोन पावलं टाकली, आन असा हसला... म्हने, 'हिंमत्या, जमीन जागेवरच हाय बे!'

मंग सपकाळ डॉक्टरनं त्यालेबी तपासलं, कायदे सांगतले, आन आमी दोघं झालो. चालताना बोलायचं ना? आमी काय बोललो नाही! शाळेतल्या मास्तरायले नावं ठेवली, कोनाच्या लग्नात कोन रुसलं ते काढलं, भांडलो. अहो भांडलो! एकदा आंब्याचं लोनचं तेलात बुडालं पाह्यजे का नाही यावरून आमी असे तापलो का मनकर्नेनं टांगा थांबवला. पन धाप लागली नाही, हे महत्त्वाचं! आन बोलून झालं का मोतीराम गायचा. डॉक्टर म्हनाले गाता आलं तं अजून चांगलं. मंग काय, सकाळच्या पारी पैनगंगेच्या वाटेनं ह्याची तान, लोकायचे बैल बुजायले लागले. पयले नदीपर्यंत जायची सवय झाली, मंग बालाजीच्या देवळाकडची चढन हळूहळू जमली. देवळासमोर पोचलो त्या दिवशी मोतीराम पायरीवर बसून रडला. म्हने, 'मले वाटलं होतं आता मले इथं आनतीन तं उचलून.' म्या म्हटलं, 'उगी बे, रडताना धाप लागते.'

...

दिवाळीच्या तोंडाले झालं ते.

त्या दिवशी आमी निघालो, हवा मस्त, आन मोतीराम गप. म्या म्हटलं, 'आज रेडू बंद काऊन?' म्हने, 'आज तू लाव, मी आयकतो.' मले काय, मी लावला! दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत बसलो, लांबच लांब, मीच हसून राह्यलो. चढनीले लागलो आन पाहतो तं तो मांगं. घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा. तोंड असं राखेसारखं. म्हने, 'हिंमत्या, जरासा बसू दे.'

रस्त्याकडेच्या दगडावर बसवला. गोळी काढली म्या... ती बाटली, एवढं बारीक बूच, दातानं ओढलं तं अर्ध्या गोळ्या मातीत. एक त्याच्या जिभेखाली ठेवली. मेहबूबनं उडी मारली, त्याले उचललं, तो ओंडका एकट्यानं उचलला मेहबूबनं! मनकर्नेनं घोंगडी खाली टाकली, मी मांडीवर त्याचं डोकं घेतलं, आन जी घोडी इतके दिवस माझ्या मांगं रांगली ती अशी सुटली का चाकं जमिनीले लागून राह्यले का नाही कळेना. म्या त्याले घट्ट धरलं होतं कमरेपाशी. तो डोळे मिटून म्हने, 'धोतर धरू नको बे... सुटन.'

मले हसू आलं हो. खरं सांगतो, मले हसू आलं! आन हसता हसता पाह्यलं तं त्याचा हात खाली लोंबला.

दवाखाना दिसून राह्यला होता तिथून.

तो टांगा माझ्यासाठी होता ना? किती दिवसांचा माझ्या मांगं फिरून राह्यला होता, माझी जागा रिकामी ठेवून...

मंग गाव बोललं. गाव काय, गावाले तोंडच तोंड. 'चालवून चालवून मारला.' 'हार्टवाल्या मानसाले चढन चढवते काय कोनी?' सपकाळ डॉक्टर मयतीले आले, तं लांब लिंबाखाली उभे, एकटे. कोनी त्यायले पुढं या म्हटलं नाही. म्याबी नाही म्हटलं. घरी येऊन मनकर्नेनं माझे बूट उचलले आन माळ्यावर फेकले, पार मांगं, जुन्या पत्र्याच्या डब्यांमांगं. मले कोनी झोपा म्हटलं नाही... मीच जाऊन खाटेवर आडवा झालो, भिंतीकडे तोंड करून. पुन्हा तेच. धक धक... धक... थांबलं काय? नाही.

डॉक्टर एकदा आले घरी. मनकर्ना दारातच उभी, आत येऊ दिलं नाही. मले आयकू येऊन राह्यलं होतं. म्या आतून ओरडलो, 'मले एक सांगा, चाललो तं मरनार नाही अशी ग्यारंटी देता काय?' भायेर डॉक्टरची पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मंग म्हने, 'नाही हिंमतराव. ती मला देता येत नाही. कुणालाच येत नाही.' आन चपला वाजल्या, गेले. आता असा कसा डॉक्टर? खोटं बोलायचं होतं ना जरासं! खोटं बोलायलेबी शिकवत नाही काय तिकडे मुंबईले?

तेरवी झाली. आन मंग एक दिवस सकाळी रुखमाबाई आली. मोकळं कपाळ. खाली जोत्यावर बसली, वर बस म्हटलं तं बसली नाही. मी उठून बसलो. मनकर्ना सैपाकघराच्या दारात, हाताले पीठ.

रुखमाबाई म्हने, 'हिंमतभाऊ, त्या दिवशी सकाळीच ते छाती चोळून राह्यले होते.'

म्या म्हटलं, 'काय?'

'म्या म्हटलं जाऊ नका आज. डॉक्टरनं नाही म्हटलं हाय ना, दुखत असलं तं. तं मले म्हने, आज मी नाही गेलो आन मनकर्नावहिनीले कळलं का माझं दुखलं, तं ती उद्यापासून हिंमत्याले पुन्हा खाटेवर निजवीन. गॅस असन, म्हने. चहा पेले आन गेले.'

माझ्यासाठी? मी तिकडे गिऱ्हाइकाची गोष्ट सांगून हसून राह्यलो होतो, आन तो छातीवर पाटा घेऊन ती आयकून राह्यला होता? म्या खुळ्यासारखं म्हटलं, 'वहिनी, मंग मले शिव्या द्या.'

म्हने, 'शिव्या द्यायले नाही आली. खाटेवर होते तवा ते भिंतीकडे तोंड करून राहायचे. माझ्याशी एक शब्द नाही. मले वाटायचं मी आताच रांडपन भोगून राह्यली. मंग चालायले लागले. घरी येऊन चूल पेटायच्या आधी भाकर मांगायचे. भांडायचे माझ्याशी, भाजीत मीठ कमी म्हनून. भांडायचे हो भाऊ! तेवढे दिवस मले माझा मानूस वापस भेटला होता. आन आता लोकं म्हनतात, मूर्खासारखा चालून मेला. तुमी असेच निजून राह्यले तं तेच खरं ठरन. उद्या चाला.'

आन उठली. जाताना मनकर्नेकडे पाह्यलं नाही तिनं. मनकर्नेनंच तिचा हात धरला, पिठाच्या हातानं, आन दोघी बायका तशाच उभ्या. मी मधात खाटेवर बसलेला, जसा बाजारात इसरलेला थैला.

ती गेल्यावर मनकर्ना शिडी लावून माळ्यावर चढली. त्या वयात! डब्यांचा धडधडाट, धूळ, शिंका... आन बूट घेऊन उतरली. माझ्यापुढं ठेवले आन खाली बसून नाड्या बांधायले लागली, अजून उद्या व्हायची होती तरी! डोळ्याचं पानी बुटावर. म्हने, 'माझा बाप दार लावायले उठला, कारन हवा येऊन राह्यली होती न मी खोकलून राह्यली होती. मले आजपावतो वाटते का म्याच त्याले उठवलं.' इतक्या वर्षांचा संसार, राजेहो, आन हे मले त्या दिवशी कळलं! म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करता येते मानसाले?

दुसऱ्या दिवशी निघालो. मनकर्ना टांग्यात बसली नाही, म्हने पायी येते. प्रत्येक पावलाले वाटे आता येते पाटा, आता येते. मोतीरामच्या घरावरून गेलो, रुखमाबाई दारात उभी. चढनीले लागलो आन तो दगड आला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आन मले वाटलं झालं, बोलनं तुटलं, कायदा मोडला, थांबावं! तं मांगून मेहबूबचा आवाज, रडका, 'बोलो हिंमतभाऊ! चुप मत रहो! डॉक्टर ने बोला है, बोलो!' म्या मांगं पाह्यलं तं तो लगाम तोंडात धरून डोळे पुसून राह्यला होता. म्या म्हटलं, 'काय बोलू बे?' म्हने, 'कुछ भी!' तं म्या तीच गोष्ट, ती गिऱ्हाइकाची, जी त्या दिवशी अर्धी राह्यली होती, ती पयल्यापासून सांगायले सुरुवात केली. मोठ्यानं. रस्त्याले. रडत रडत. आन दगड मांगं गेला.

त्या दिवसापासून मी जो बोलून राह्यलो तो थांबलो नाही! तुमी आज सापडले, काल एक खताचा एजंट सापडला होता, त्याची एस्टी चुकली.

आता सपकाळ डॉक्टर काय करतात? ज्याच्या-त्याच्या छातीत दुखलं, बरा झाला, का पाठवला माझ्याकडे! 'हिंमतरावांसोबत जा.' ते पाहा मांगं, टांग्याच्या आडून येऊन राह्यले ते, उकंडराव. जमीनदार मानूस, गावात आवाज मोठा, पन पाहा कसे पाय टाकून राह्यले, जसा रस्ता उसना आनला! मले इचारतात, 'हिंमतराव, मरनार नाही ना मी?' म्या म्हटलं, 'ग्यारंटी नाही. बोला.' म्हने, 'काय बोलू?' म्या म्हटलं, 'लोनचं तेलात बुडालं पाह्यजे का नाही?' लागले बोलायले! तावातावानं! चुकीचं बोलून राह्यले, पन बोलून राह्यले.

पानी असो, थंडी असो, घरी पावना असो, सुटका नाही. जरा लोळावं म्हटलं तं रुखमाबाई दारात हजर, 'काऊन भाऊ, आज उशीर?' मनकर्ना आतून बूट घेऊन! आता तं ती माझ्या पुढं चालते, वरून मांगं पाहून म्हनते, 'चाला, घोडी खोळंबली.'

आन तुमाले खरं सांगू, माझं सगळ्यात मोठं दुखनं आता छातीचं नाहीच. दुखनं हे, का मले आता मरायचीबी सोय राह्यली नाही! काऊन म्हनजे? अहो, मी उद्या ह्या रस्त्यावर पडलो तं गाव काय म्हनन? 'पाह्यलं? हाबी चालूनच मेला!' मंग गेला मोतीराम वाया, गेली रुखमाबाईची इज्जत, गेला डॉक्टरचा दवाखाना, आन हे उकंडराव तं तिथीच्या तिथी खाटेवर जातीन! म्हनून आता म्या बालाजीले हात जोडून एकच मांगतलं... देवा, नेशील तवा ने, पन मस्त जेवून दुपारी गादीवर लोळत असताना ने. म्हंजे निदान गाव म्हनन, 'कितीदा सांगतलं होतं ह्याले, झोपत जाऊ नको!'